खो मिळेपर्यंत

"मॅडम, व्यायामानं डोकं चालतं म्हणतात. मग याचं का नाही चालत?"

ओजसच्या बाबांनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. ओजस नऊ वर्षांचा, चौथीतला. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शाळेतून तक्रार एकच: हुशार आहे, पण लक्ष नाही. ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून बाबा तीन महिने रोज पहाटे त्याला शिवाजी पार्कला नेत होते. कट्ट्याच्या बाजूनं दोन फेऱ्या धावायच्या, घरी येऊन आंघोळ, मग शाळा. संध्याकाळचं खाली खेळणं मात्र बंद केलेलं. आईचं म्हणणं सरळ होतं, "व्यायाम सकाळी झालेला असतो. संध्याकाळी परत खेळला तर अभ्यास कधी करणार?"

हा प्रश्न दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. मार्क घसरले की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती खेळावर.

मी ओजसची गणिताची वही मागितली. एक उदाहरण अजून डोळ्यांपुढे आहे. टोपलीत ४८ आंबे होते, १५ विकले, ६ नासके निघाले, किती उरले? ओजसनं लिहिलं होतं, ४८ + १५ = ६३. मी म्हटलं, "हेच जरा मोठ्यानं वाच." शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि वर न बघता म्हणाला, "सत्तावीस." गणित येत होतं. दोन आकडे दिसले की पेन्सिल धावत होती, एवढंच.

मग आम्ही 'चिमणी उड' खेळलो. टेबलावर बोटं टेकवून, "चिमणी उड, कावळा उड, पोपट उड, म्हैस उड!" म्हशीला ओजसचं बोट सगळ्यात आधी वर. खळखळून हसला. म्हैस उडत नाही हे त्याला माहीत होतंच, पण ते आठवेपर्यंत बोट उठलेलं असायचं. दहा वेळा खेळलो, सात वेळा तेच.

त्या दिवशी आईबाबांना जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण 'लक्ष नाही' या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. उठलेला हात मागे खेचणं, दोन-तीन गोष्टी मनात धरून ठेवून त्यांच्यावर काम करणं आणि नियम बदलला की आपली चालही बदलणं, या तीन क्षमतांना मानसशास्त्रात कार्यकारी कौशल्यं म्हणतात. कपाळामागचा मेंदूचा जो भाग त्यांत मोठं काम करतो, तो विशी उलटेपर्यंत घडत असतो. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाकडे ती अर्धीकच्ची असणारच. त्यात दोष नाही. पण ती वापरून वाढतात, आणि पार्कच्या फेरीत ती वापरावी लागत नाहीत. पहिले आठ दिवस कदाचित लागत असतील. नंतर वाट पायांना पाठ होते.

याचा नीट ताळा घेतला गेला आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १० ते १२ वर्षांची १८१ शाळकरी मुलं, सहा आठवडे. काही वर्गांना डोकं लढवावं लागेल असे सांघिक खेळ दिले, काहींना नुसता दमवणारा व्यायाम, आणि काहींचे खेळाचे तास नेहमीसारखे. चाल बदलण्याच्या क्षमतेत ठळक सुधारणा दिसली ती फक्त सांघिक खेळ खेळलेल्या मुलांत. घाम दुसऱ्या गटानंही गाळला होता.

याचा अर्थ धावणं वाया गेलं असा कुणी काढू नये. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयाला, हाडांना, झोपेला ती हवीच. पण बाबांची अपेक्षा वेगळी होती, आणि ती एकट्या फेरीकडून पुरी होणारी नव्हती.

मी सुचवलं ते असं: संध्याकाळचा खेळ परत सुरू करा, आणि जमलं तर त्याला खो-खोला घाला. दोघंही गप्प बसले. त्यांना बुद्धिबळ अपेक्षित असावं. बुद्धिबळाला माझा विरोध नाही, पण ओजसची अडचण धावत्या अंगातली होती आणि तिथेच लगाम शिकायचा होता.

खो-खो आपण इतका बघितलेला असतो की त्यातलं डोक्याचं काम दिसेनासं होतं. आठ जण ओळीत बसलेले, एकाआड एक उलट्या तोंडाचे. नववा पाठलागावर. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक, तो बसलेल्यांच्या मधून या बाजूचा त्या बाजूला जातो, वर हूल देतो. बसलेल्यानं सतत हिशोब मांडायचा: पळणारा कुठे आहे, आपलं तोंड कुठे आहे, खो मिळाला तर कुठे धावायचं. आणि हे सगळं करत, अंग ताणलेलं ठेवून, पाठीमागून "खो" येईपर्यंत जागचं हलायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम बघायला गेले. ओजस चौथ्या जागेवर बसलेला. एक गुडघा वर, बोटं मातीत रुतलेली, मान वळवून पळणाऱ्यावर डोळे. पळणारी मुलगी त्याच्या हाताच्या अंतरावरून गेली आणि हा उठला. खो मिळालाच नव्हता. शिट्टी, फाऊल. पाच मिनिटांत दुसऱ्यांदा तेच. बाकीची पोरं ओरडली, "ए, बस ना!" पुन्हा ती मुलगी आली, याचे खांदे पुढे झुकले, टाच उचलली गेली आणि तशीच परत खाली टेकली. मला त्या टाचेकडे बघून जो आनंद झाला तो मी आईला फोनवर नीट सांगूही शकले नाही. वर्गात "थांब, आधी वाच" हे मोठ्या माणसांनी हजारदा सांगितलं होतं. इथे ते खेळाकडून येत होतं, आणि खेळ त्याला हवा होता.

हा 'हवा होता' महत्त्वाचा आहे. रडत मैदानावर जाणाऱ्या मुलाला याचा फारसा उपयोग होत नाही. ज्यांच्याजवळ मैदान नाही त्यांचीही अडचण मला कळते, पार्किंगनं अंगणं गिळलेल्या मुंबईत राहतो आपण. पण विष-अमृत, साखळी, लगोरी, लंगडी यांना फार जागा लागत नाही. खेळ अंगवळणी पडला की एखादा नियम उलटा करायचा. ओजसच्या आजोबांनी इमारतीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, तेच केलं. लाल टोपीवाला 'विष' म्हणाला की पळायचं आणि निळी टोपीवाला म्हणाला की थिजायचं, दर पाच मिनिटांनी टोप्यांची अदलाबदल. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही.

दोन गोष्टी मात्र पालकांना बजावून सांगते. अवघड खेळ संपल्या संपल्या मुलाला वहीपुढे बसवू नका. डोक्याला ताण देणाऱ्या हालचालींनंतर लगेच घेतलेल्या चाचणीत लहान मुलं उलट थोडी मागे पडल्याचं त्याच बर्नच्या गटाला पुढे दिसलं होतं. हातपाय धुवू दे, खाऊ दे, अर्धा तास जाऊ दे. आणि घरी, शाळेत, खेळात, सगळीकडेच मूल अजिबात थांबू शकत नसेल, तर आधी नजर, ऐकणं आणि झोप तपासून घ्या, विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवा. खेळ हा त्या तपासणीला पर्याय नव्हे. ओजसचीही नजर मी पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यायला लावली होती, ती ठीक निघाली.

चार महिन्यांनी तिघं परत आले. गणितात वीसपैकी तेरा, आधी अकरा होते. बाबांचा चेहरा थोडा पडलेला. मी पेपर उघडला. शाब्दिक उदाहरणांतल्या प्रत्येक शेवटच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. चुका होत्या त्या पाढ्यांच्या, आणि पाढे पाठ करावे लागतात, त्याला खो-खो काय करणार. "ही रेघ कुणी शिकवली?" मी विचारलं. ओजस म्हणाला, "कुणी नाही. नाहीतर मी आधीच उठतो."

पहाटेच्या फेऱ्या बंद करायच्या का, असं बाबांनी निघताना विचारलं. मी ओजसकडे बोट दाखवलं. त्यानं रविवारची ठेवली. त्यानंतर बाबा मिसळ खायला नेतात.