यॉर्कशर पुडिंग आणि बटाट्यांपासून सुरुवात करा

ब्रिटनबाहेर राहून रविवारचे रोस्ट (भाजलेले मांस व तोंडीलावणी असे ब्रिटिश जेवण) करताना पहिल्याच वेळी सगळी तोंडीलावणी करण्याच्या भरीस पडू नका. यॉर्कशर पुडिंग (अंडी-मैद्याच्या मिश्रणाचा ओव्हनमध्ये फुगवलेला, गोड नसलेला पदार्थ) आणि बटाटे एवढेच पुरे. पुडिंगसाठी अंडी, मैदा व दूध एकाच वाटीने सारखे मोजून घ्यावे, बेकिंग पावडर घालू नये, आणि साच्यातील तेल ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर चांगले धुरकटल्यावरच मिश्रण ओतावे. नवशिके येथेच घाई करतात, किंवा फुगले का हे पाहण्यासाठी २० मिनिटांच्या आत ओव्हन उघडतात आणि पुडिंग बसते. (माझीही पहिली काही पुडिंगे पुरीइतकीसुद्धा फुगली नव्हती.) साच्यासाठी बीफ ड्रिपिंग (गोमांस भाजताना निघणारी चरबी) न मिळाल्यास सूर्यफुलाचे तेल चालते. बटाटे पिठूळ निवडून भाजण्यापूर्वी १० मिनिटे उकडावेत, निथळून वाफ जाऊ द्यावी आणि भांड्यातच हलवून कडा खरबरीत कराव्यात. ग्रेव्हीचे नंतर पाहू.