रॅम्प झाला, पुढे काय?

प्रश्न : नव्या वर्षात आमच्याकडे आठवीत व्हीलचेअर वापरणारी मुलगी येणार आहे. दारात तीन पायऱ्या आहेत. गवंडी म्हणतो, दोन मीटरचा रॅम्प पुरेल. पुरेल का? (एक मुख्याध्यापिका)

उत्तर : नाही पुरणार. एक पायरी 15 सेंटिमीटरची धरली, तर तिन्ही मिळून 45 सेंटिमीटर चढ होतो. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत 1:12 हा उतार सांगितलेला असतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्या हिशेबाने तुम्हाला 5.4 मीटर लागतील. दोन मीटरच्या रॅम्पवर ती स्वतःच्या हातांनी चढू शकणार नाही आणि उतरताना खुर्ची आवरणार नाही. सरळ जागा नसेल तर रॅम्प वळवा. वळणावर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा सोडा. तशीच वर दारापुढेही हवी, नाहीतर एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने दार उघडायची वेळ तिच्यावर येईल. दोन्ही बाजूंना कठडा बसवा आणि गुळगुळीत फरशी टाळा.

मला जास्त काळजी आहे ती रॅम्पच्या पुढची. फाटक, दार, वर्ग, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह ही साखळी आहे. तिची एक कडी तुटली तरी मूल तिथेच अडतं. बहुतेक शाळांत ही कडी स्वच्छतागृहाशी तुटते. तिथे जाता येत नाही म्हणून दिवसभर घोटभर पाणीही न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आत खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असू द्या, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडकतं. आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवा. खुर्चीवरून सीटवर ती कोणत्या बाजूने सरकते हे तिलाच विचारा आणि ती बाजू मोकळी ठेवा. बांधकाम सुरू होण्याआधी तिला एकदा शाळेत बोलवा आणि तिच्यासोबत फाटकापासून शेवटच्या खोलीपर्यंत फिरा. नकाशात न दिसणारा उंबरठा त्या फेरीत सापडतो.

प्रश्न : मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. शाळा म्हणते, मित्र त्याला उचलून नेतील. (एक वडील)

उत्तर : हे मान्य करू नका. जिन्यात एकाचा पाय घसरला तर दोघं-तिघं जायबंदी होतील. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाला रोज सगळ्यांसमोर उचललं जाणं काय वाटत असेल, याचा विचार झालेला दिसत नाही. उपाय वेळापत्रकात आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत : त्याची अख्खी तुकडी तळमजल्यावर आणायची. त्याला एकट्याला खाली बसवणं हा उपाय नाही. प्रयोगशाळा हलवता येत नसेल तर जे प्रयोग खाली होऊ शकतात ते सगळ्या तुकडीने खाली करावेत. उभ्याने काम करायचं टेबल साधारण 90 सेंटिमीटर उंच असतं. बसून काम करायला 75च्या आसपासचं आणि खाली गुडघे जातील असं एक टेबल लागेल. ते सुतार करून देईल.

प्रश्न : माझ्या वर्गात श्रवणयंत्र लावणारा मुलगा आहे. ‘समजलं का?’ विचारलं की मान हलवतो, पण पेपर कोरा असतो. (गणिताचे शिक्षक)

उत्तर : सर, मान हलवणं म्हणजे ‘मला पुन्हा सगळ्यांसमोर विचारू नका’ असंही असतं. श्रवणयंत्र तुमच्या आवाजाबरोबर पंख्याचा आणि बाकं सरकवण्याचाही आवाज वाढवतं. एक-दोन मीटरच्या पुढे तुमचा आवाज त्यात हरवायला लागतो. फळ्याकडे तोंड करून बोललात की ओठही दिसत नाहीत. ओठ दिसले तरी तेवढ्याने भागत नाही : ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा, तिन्ही सारखेच दिसतात.

म्हणून आधी लिहा, मग वळा आणि मग बोला. खिडकी पाठीशी घेऊन उभे राहू नका, चेहरा काळोखात जातो. मागच्या बाकावरून प्रश्न आला तर तो मोठ्याने पुन्हा सांगा. बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवा. शिक्षकाच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या यंत्राला जोडलेला रिसीव्हर मिळाला तर फारच उत्तम. आणि ‘समजलं का?’ऐवजी ‘पुढची पायरी कोणती?’ असं विचारा. सांकेतिक भाषा वापरणारं मूल असेल तर दुभाषा लागेलच. तेव्हाही बोलताना मुलाकडे पाहायचं, दुभाषाकडे नाही.

प्रश्न : मला अगदी कमी दिसतं. शाळा नोट्स पीडीएफमध्ये पाठवते, पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) गप्प बसतो किंवा भलतंच वाचतो. (दहावीची विद्यार्थिनी)

उत्तर : तुझा स्क्रीन रीडर बिघडलेला नाही. गप्प बसतो तेव्हा ते पानाचं नुसतं छायाचित्र असतं, त्यात अक्षरं नसतातच. भलतंच वाचतो तेव्हा मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो; डोळ्यांना ‘क’ दिसतो, संगणकाला मात्र भलतंच इंग्रजी अक्षर. शिक्षकांकडे युनिकोडमधली मूळ फाइल माग. आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन आणि भूमितीसाठी बोटांना कळणारी उठावाची आकृती माग. ही मेहेरबानी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंग हक्क कराराचं 24वं कलम शिक्षणाबद्दलच आहे. पुस्तकांसाठी 2013चा माराकेश करार आहे : तो स्वीकारलेल्या देशांत, दृष्टिबाधितांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. लेखनिक घेणार असशील तर चाचणी परीक्षांपासूनच घे. उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ते परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा जमत नाही.

प्रश्न : आगीच्या सरावात अपंग मुलांना आम्ही मैदानातच बसवून ठेवतो. चालेल का? (एक पर्यवेक्षक)

उत्तर : मग सराव कुणाचा झाला? आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, म्हणून वरच्या मजल्यावर जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी खाली कसं आणायचं, कुणी आणायचं आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण, हे लिहून ठेवा. घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा लावा आणि तो स्वच्छतागृहातही लावा. कर्णबधिर मूल तिथे एकटं असतं.