जुनं सूप ट्यूरीन घेताना: आधी सार, मग झाकण

आठ जणांच्या टेबलासाठी जुनं सूप ट्यूरीन, म्हणजे सूप वाढायचं झाकणाचं मोठं भांडं, हवंय, चोरबाजारात दोन पाहिलीत, एक निळं-पांढरं आणि एक चांदीचा मुलामा दिलेलं, आणि त्यातून टोमॅटोचं सार वाढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. साराचं आधी सांगते, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या इंग्लिश मातीच्या भांड्यांची झिलई बहुतेक शिशाची असायची. गरम आणि आंबट पदार्थात हे शिसं उतरू शकतं, आणि झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या असतील तर धोका वाढतो. म्हणजे टोमॅटो, कोकम, चिंच सगळंच बाद. मी माझ्या ट्यूरीनमध्ये तळाशी कापडाची घडी घालून स्टीलचं पातेलं बसवते. झाकण लागलं की पाहुण्यांना पत्ता लागत नाही.

आता वय. विक्रेता "दीडशे वर्षांपूर्वीचं, मॅडम" म्हणेल. तुम्ही भांडं उलटं करा. तळाशी नुसतं 'इंग्लंड' असेल तर ते साधारण 1891 नंतरचं, कारण त्या सुमारास अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं. चौकटच्या एक्क्यासारखा नोंदणी-शिक्का असेल तर ते डिझाइन 1842 ते 1883 या काळात नोंदवलेलं. नक्षीवरून मात्र वय ठरवू नका. स्पोड या इंग्लिश कंपनीची 'ब्लू इटालियन' नक्षी 1816 ची, पण ती पुढे दोनशे वर्षं निघत राहिली. चिनी धाटणीच्या निळ्या-पांढऱ्या विलो नक्षीची तर गोष्टच सोडा, ती कुणीही छापली.

माठ घेताना आपण जसं वाजवून बघतो तसंच इथेही करायचं. भांडं हातावर तोलून बोटाच्या पेराने टिचकी मारा. पोर्सलेन खणखणीत वाजलं पाहिजे. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. आयर्नस्टोनचा, म्हणजे जाड, दणकट इंग्लिश मातीच्या भांड्याचा, आवाज मुळातच जाड असतो, तिथे आत टॉर्च धरून बघा. कान आणि झाकणाची मूठ जिथे जोडलेली असते तिथे नख फिरवा. डागडुजीचा रंग जरा कोमट, प्लॅस्टिकसारखा लागतो.

मापात मी स्वतः फसलेय. ऑनलाइन फोटोत शेजारी काहीच ठेवलेलं नव्हतं. खोकं उघडलं तर ओंजळीत मावेल एवढं भांडं, जेमतेम तीन वाट्यांचं. ते सॉसचं ट्यूरीन होतं. रूप तेच, पण धाकटं भावंड. आता त्यात सुपारी ठेवते. आठ जणांना प्रत्येकी पाव लिटर धरलं तर दोन लिटर, वर हिंदकळायला जागा हवी, म्हणजे अडीच-तीन लिटरचं बघा. आणि मी करते तसं आत पातेलं बसवणार असाल तर त्याहून मोठं. भरल्यावर ते कानांना धरून उचलू नका, खालून दोन्ही हात लावा.

मुलाम्याच्या भांड्याबद्दल एवढंच, की कडांना खालचा पिवळट किंवा तांबूस धातू दिसत असेल तर नको. पुन्हा मुलामा चढवायचा खर्च भांड्यापेक्षा जास्त होतो.

खरं जुनं चिनी पोर्सलेन डोळ्यांत बसवायचं असेल तर गोव्यात चांदोरला मिनेझिस ब्रागांझा यांचं घर बघून या. चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव बंदरामार्गे आलेली भांडी तिथे आहेत. हात लावता येत नाही, पण त्या पांढऱ्यातली निळसर झाक एकदा पाहिली की लक्षात राहते.

तुम्ही पाहिलेल्या दोन भांड्यांपैकी मी निळं-पांढरं घेईन. पण दुकानातच त्यात डाव उभा करून झाकण लावून बघा. झाकणाच्या खाचेत डावाचा दांडा बसला आणि झाकण डुगडुगलं नाही, तर ती जोडी बहुधा मूळची. झाकणावरचा निळा रंग भांड्यापेक्षा वेगळा निघाला, तर सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करा. अर्धंच भांडं विकतोय तो.