‘काही होत नाही, आजी’

सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात इंटर्नशिप करणाऱ्या मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात देते.

“ताई, आमच्या युनिटला जतकडची एक आजी होती. शुगरनं पाय सडलेला, पण पाय काढायला तयार नव्हती. रोज ड्रेसिंग मीच करायचे, म्हणून तिचा माझ्यावर जीव. सरांनी मला समजवायला पाठवलं. ती म्हणाली, ‘तू म्हणतीस तर काढू दे लेकी. पन काय होत न्हाई न्हवं?’ मी म्हटलं, काही होत नाही आजी. तिनं अंगठा दिला. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ती गेली. तिचा मुलगा आठ दिवस फोन करतोय, मी उचलत नाही. वॉर्डात रडले तर सीनियर म्हणाले, पेशंटमध्ये अशी गुंतलीस तर डॉक्टर होणार नाहीस. माझं चुकलं का?”

बाळ, चुकलं. पण सीनियर म्हणतात तिथं नाही.

आजीवर तुझा जीव जडला, यात काही वावगं नाही. जत, अथणीकडचे पेशंट आले की आपल्याकडची पोरं ‘येल्लि नोवु?’ एवढं तरी कानडी शिकतात. कुठं दुखतंय हे आपल्या भाषेत कुणी विचारलं, की दोन दिवस गप्प पडलेली बाई बोलायला लागते. एकतीस वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काढली, हे कितीदा पाहिलंय. ती माया सोडू नकोस.

चूक त्या तीन शब्दांत आहे. सडलेला पाय तसाच ठेवला तर विष अंगात भिनतं, आणि काढला तरी त्या वयात, त्या शुगरला जिवाला धोका असतोच. हे तुला माहीत होतं. आजीला नव्हतं, म्हणून तर तिनं विचारलं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालीच सांगितलंय की उपचार काय, दुसरा मार्ग कोणता, मोठे धोके कोणते, हे पुरेसं कळल्यावर दिलेली संमती ती खरी संमती. तिचा अंगठा कागदावर आला, पण तुझ्या शब्दाखातर आला.

आणि हे ओझं तुझ्या एकटीचं नाही. धोका समजावून सांगणं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं काम. तुझ्यावर तिचा जीव आहे म्हणून सहीपुरतं तुला पुढं केलं, याचा मला मनापासून राग आला. 2019 पासून एमबीबीएसला संवाद आणि नीतिमत्ता शिकवतात. वर्गात शिकवलेलं वॉर्डात असं वापरायचं असतं का? पुढच्या वेळी म्हण, “सर, तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते.” आवाज कापला तरी म्हण.

मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आईला ‘काही होत नाही बाई’ म्हटलं होतं. पोरगं पहाटे गेलं. ती मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हापासून मी पेशंटला एवढंच म्हणायचे, “धोका आहे. पण मी रात्रभर इथंच आहे.” लोक हात घट्ट धरतात गं, पळून जात नाहीत.

आता फोनचं. आठ दिवस न उचलल्यानं त्या मुलाच्या मनात काय काय आलं असेल! मात्र परस्पर बोलू नकोस. उद्या राउंड झाला की युनिटच्या मॅडम किंवा सरांना सगळं सांग, तुझ्या त्या तीन शब्दांसकट. मुलाला बोलवून घ्या. केसपेपर समोर ठेवून उपचारांचं सरांनी बोलावं. तुझ्या वाटणीचं तू बोल: “आजींनी विचारलं तेव्हा धोका आहे हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझं चुकलं.” तो चिडला तर चिडू दे, मध्ये सारवासारव करू नकोस. पैसे देऊ नकोस, एकटी घरी जाऊ नकोस.

कदाचित त्याला भांडायचं नसेलही. शेवटचे चार दिवस आई काय बोलली, एवढंच विचारायचं असेल. ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तेवढं मात्र सावकाश बसून सांग.