सोरायसिसचं मलम आणि ‘डी’ची पुडी

प्रश्न : सासूबाईंच्या (वय ६२) दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिसचे तळहाताएवढे चट्टे आहेत. डॉक्टरांनी कॅल्सिपोट्रिऑलचं मलम दिवसातून दोनदा लावायला सांगितलं आहे. हे ‘डी’ जीवनसत्त्वाचंच रूप आहे, तर ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला घेतली की भागणार नाही का? तीन आठवड्यांत खपल्या उतरल्या, लाली मात्र आहे तशीच आहे. घरातलं जुनं सॅलिसिलिक ॲसिडचं मलमही अधूनमधून त्यावरच लावतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : जुनं मलम त्यावर लावणं आधी थांबवा. आम्लाशी गाठ पडली की कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. खपली जाड असेल तर कोमट पाण्यानं अंघोळ झाल्यावर साधी व्हॅसलिन लावून ती मऊ करा.

निरोगी त्वचेची पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर पोचतात, सुटत नाहीत, थरावर थर साचतो, तीच खपली. कॅल्सिपोट्रिऑल पेशीतल्या ‘डी’ जीवनसत्त्वाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे ते जीवनसत्त्व पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. मग हा ग्राहक ठरावीक जनुकं चालू-बंद करतो : पेशींचं विभाजन मंदावतं आणि त्या नीट पक्व होऊ लागतात. दाह पेटवणाऱ्या प्रतिकार-पेशीही थोड्या शांत होतात, पण लाली दाहामुळे फुगलेल्या रक्तवाहिन्यांची असल्यानं ती खपलीच्या मागून ओसरते. पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे द्या.

पुडीनं हे काम होत नाही. ती शरीरातली कमतरता भरून काढते. तिच्यापासून सक्रिय रूप किती बनवायचं हे मूत्रपिंड काटेकोरपणे ठरवतं. १९८५ मध्ये जपानमध्ये, हाडांसाठी या जीवनसत्त्वाचं एक औषधी रूप तोंडावाटे घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिस बरा झाल्याची नोंद झाली आणि संशोधनाला दिशा मिळाली. पण त्वचेला पुरेल इतकं पोटातून द्यायचं तर रक्तातलं कॅल्शियम वाढण्याचा धोका. कॅल्सिपोट्रिऑल रक्तात शिरताच झपाट्यानं मोडतं, म्हणून ते वरून लावणं सोयीचं.

आता मात्रा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरतं आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुमच्या चार चट्ट्यांना एका वेळी एक ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १४ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपायला हवी. दोन महिने पुरत असेल तर मलम कमी पडतंय. आठवड्याला १०० ग्रॅमची मर्यादा मात्र कुणीही ओलांडू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. खूप तहान, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, गळून गेल्यासारखं वाटणं असं काही दिसलं तर मलम थांबवून कॅल्शियम तपासून घ्या.

लावल्यावर हात साबणानं धुवा, नाहीतर बोटांवरचं मलम चेहऱ्याला लागून आग होते. चट्ट्यावरच चुरचुरत असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस एकदाच लावा. प्रकाशोपचार चालू असतील तर मलम त्यानंतर लावा. अतिनील किरणांनी ते मोडतं.

कॅल्सिपोट्रिऑलमध्ये बेटामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेलं मलम दिवसातून एकदा लावतात, परिणामही लवकर दिसतो. मात्र ते सहसा चार आठवड्यांपुरतंच दिलेलं असतं. चट्टा गेल्यावरही दुकानातून आणून लावत राहिलात तर त्यातल्या स्टेरॉइडनं त्वचा पातळ होते.