नान्नजच्या माळावर संशोधन करताना धनगरांचं ज्ञान आणि पाश्चात्त्य पद्धत यांची सांगड कशी घालावी?

तुम्ही सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातल्या शाळांमधल्या पर्यावरण शिक्षणावर पीएचडी करताय आणि या दोन गोष्टी एकत्र कशा आणायच्या, असं विचारलंय. मी सोलापुरात पर्यावरणशास्त्र शिकवते, म्हणून सांगते.

धनगरांकडून माहिती गोळा करायची आणि ती खरी की खोटी हे विज्ञानाने ठरवायचं, हा आराखडा आधी सोडा. त्यात एक बाजू कायम परीक्षक, दुसरी कायम परीक्षार्थी. कॅनडातल्या मिकमॉ समाजातले ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये 'दोन डोळ्यांनी पाहणं' ही मांडणी पुढे आणली: एका डोळ्याने आपल्या लोकांच्या ज्ञानातलं बळ बघायचं, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानातलं, आणि दोन्ही सगळ्यांच्या भल्यासाठी वापरायचे.

माळावर मुलं मीटरभराचा चौकोन टाकून गवताच्या जाती मोजतात. ते हवंच, त्याशिवाय पुढच्या वर्षीशी तुलना कशी करणार? पण ती मोजणी त्या दिवसापुरती. मेंढपाळ गवत हंगामाप्रमाणे सांगतो: कुसळी कोवळी असताना मेंढरं खातात, कुसळं धरली की तीच लोकरीत अडकून कातडीत घुसतात, मग कळप दुसरीकडे वळवायचा. तक्त्यात दोन्ही वेळा नाव एकच, कळपासाठी मात्र सगळंच बदललेलं. म्हणून मोजणी कधी करायची हे त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्नही त्यांचा येऊ द्या. कदाचित ते विचारतील, माळाला पडीक समजून झाडं लावली तर चरायचं कुठे? हा प्रश्न माळढोक पक्ष्याचाही आहे, त्यालाही उघडं गवताळ रानच लागतं.

सांगड आपल्याकडे नवी नाही. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडली गेली. ती स्थानिक ज्वारी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली होती, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं. तुमच्या प्रबंधात तसं होऊ नये, याची मला खरंच काळजी वाटते.

माहिती देणाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीने आणि मानाने लिहा. दिवस मोडतो, त्याचा मोबदला द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते, म्हणजे गावातले जीव आणि त्यांच्याविषयीचं लोकांचं ज्ञान यांची नोंद; ती ठेवणाऱ्या गावच्या समितीशी बोला. आणि प्रबंध विद्यापीठात देण्याआधी, धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह टाकलेला मुक्काम, हलण्यापूर्वी, निष्कर्ष मराठीत वाचून दाखवा. त्यांनी नको म्हटलेला भाग गाळा. मार्गदर्शकांना हे वेळखाऊ वाटलं, तरी ही अट सोडू नका.