स्टाइलशीट काढ आणि पान वाच

अगं,

वेबपानं बनवायचा कोर्स संपल्यावर लिहिलेलं तुझं टिपण वाचलं आणि सोबतची वाचनालयाच्या साइटची फाइलही उघडून पाहिली. 'व्हिडिओ बघत करताना सगळं जमतं, पण रिकामी फाइल समोर आली की हात चालत नाही,' असं तू लिहिलं आहेस, आणि त्यावर उपायही तूच काढला आहेस: आता रिअ‍ॅक्ट हे साइट बांधायचं तयार साधन शिकायचं. नको. निदान आत्ता तरी नको.

तुझा हात अडतो कारण तू रंग, कार्डं आणि हेडरची उंची यांपासून सुरुवात करतेस. पानात काय सांगायचं आहे आणि कुठल्या क्रमानं, हेच ठरलेलं नसेल तर हात चालणार कशावर? म्हणून एवढं कर. स्टाइलशीट, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारी सीएसएसची फाइल, जोडणारी ओळ कॉमेंट कर, म्हणजे ब्राउझर ती वगळेल, पान रिफ्रेश कर आणि वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाच. वाचताना अर्थ लागला तर पान झालं. नाही लागला तर कितीही सीएसएस घाल, ते पान झालेलं नाही.

तुझं पान मी असंच वाचलं. लोगोला ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर, नाही. ग्रंथालयाची वेळ, जी बघायलाच बहुतेक लोक येणार, ती कोडमध्ये तळाला आहे. फ्लेक्स या सीएसएसच्या मांडणीतली ऑर्डर वापरून तू ती वर ओढलीस, त्यामुळे डोळ्याला ती वर दिसते, पण स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, कोडचाच क्रम धरतो आणि ती शेवटी वाचतो. त्याच भागात नकाशाची लिंक आहे, म्हणून टॅबची कळ दाबत गेलं की फोकस वर-खाली उड्या मारतो. वेळ कोडमध्येच वर आण. एच-वन या पहिल्या पातळीच्या हेडिंगनंतर थेट चौथ्या पातळीचं एच-फोर आलं आहे, बहुधा त्याचा आकार बरा दिसला म्हणून. आकार हे सीएसएसचं काम. हेडिंगची पातळी म्हणजे पुस्तकातलं प्रकरण आणि उपप्रकरण, ती अर्थानं ठरते.

'सभासद व्हा' हे तुझं बटण म्हणजे क्लिक लावलेला डिव्ह, स्वतःचा काही अर्थ नसलेला नुसता डबा आहे. त्यावर टॅबनं पोहोचता येत नाही, एंटर चालत नाही, आणि स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे कळतही नाही. डिव्हच ठेवायचा म्हटलास तर टॅबनं पोहोचण्यासाठी टॅबइंडेक्स, बटण आहे हे सांगायला रोल, एंटरसाठी आणि स्पेससाठी वेगळा कोड, इतकं सगळं लिहावं लागेल. बटन टॅगमध्ये हे आयतं मिळतं. कोड एआयकडून घेतलास तरी कसोटी हीच: स्टाइलशीट काढ, पान वाच, मग माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डनं फिरून बघ.

आता मराठीकडे ये, कारण इंग्रजी व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही. एचटीएमएल टॅगला लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण, दिलंय, पण त्यात इंग्रजीचा 'ईएन' तसाच राहिलाय. तिथे 'एमआर' हवं. त्यावरून स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो, आणि फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. हेडिंगला टेम्प्लेटमधून दोन पिक्सेल लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) आलंय. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत त्यानं शिरोरेषा जागोजागी तुटते. ते शून्य कर. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ आहे, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला चिकटतो. १.६ ते १.८ ठेव. ठळक अक्षरं काळी गोळा दिसतात, कारण फाँटची फक्त ४०० वजनाची, म्हणजे साध्या जाडीची, फाइल जोडली आहेस आणि ७०० चं ठळक वजन ब्राउझर स्वतःच फुगवून काढतोय. दोन्ही वजनं जोड, तिसरं नको.

नियमावलीचा तू फोटो टाकला आहेस. तो शोधात सापडणार नाही, मोठा केला की अक्षरं फुटतात आणि स्क्रीन रीडरला मुका. मूळ मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे आणि पेस्ट केला की भलतीच चिन्हं दिसतात, ही अडचण खरी आहे. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आण आणि मग एकेक ओळ तपास. पहिली वेलांटी आणि रफार तिथेच सगळ्यात जास्त घसरतात, कारण त्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये व्यंजनानंतर.

फोटोंबद्दल थोडक्यात. ३२० पिक्सेलच्या कार्डात ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो आहे. ६४० चा पुरे. इमेज टॅगला रुंदी आणि उंची दोन्ही लिही, म्हणजे फोटो येईपर्यंत जागा राखलेली राहते आणि वाचणाऱ्याच्या बोटाखालून मजकूर सरकत नाही. लेझी लोडिंग, म्हणजे पान सरकवत जवळ आल्यावरच फोटो उतरवणं, खालच्या फोटोंना लाव, सगळ्यात वरच्याला नको. तो त्यानं उलट उशिरा येतो.

फोनवर पान आडवं सरकतं म्हणून तू बॉडीला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाणारं लपव, असं दिलंस. पसारा झाकला गेला, दोष तसाच राहिला. असं काही चिकटवण्याआधी दोषी एलिमेंट, म्हणजे पानातला घटक, शोधायचा असतो. ब्राउझरमधल्या डेव्हटूल्स या तपासायच्या साधनांमध्ये रुंदी ३६० कर आणि सगळ्या एलिमेंटना तात्पुरती लाल आउटलाइन दे. बॉर्डर नको, तिनं मापं बदलतात. तुझ्या पानात बाहेर जाते ती फ्लेक्समधली पुस्तकांची यादी. फ्लेक्सच्या आतल्या एलिमेंटची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते, त्यामुळे आतल्या न तुटणाऱ्या लांब लिंकपेक्षा तो अरुंद व्हायला तयार नसतो. त्याला मिन-विड्थ शून्य दे आणि लिंकला ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर, म्हणजे ती कुठेही तुटू शकेल.

आता फॉर्म. यावर मी जरा अडूनच बसेन, कारण इथे तू माणसांना दाराबाहेर ठेवते आहेस. नावाच्या खान्यात तू ए ते झेड एवढंच चालवतेस. वाचनालय मराठी, आणि मराठीत नाव लिहिलं की लाल अक्षरांत 'अवैध नाव'! यावर कुणीतरी तुला युनिकोडचा 'अक्षर' वर्ग वापरायला सांगेल. तेही पुरणार नाही. मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह हे सगळं 'मार्क' या वेगळ्या वर्गात येतं, त्यामुळे 'अमर' चालेल आणि 'सुनीता' अडेल. दोन्ही वर्ग घेतलेस तरी 'कुऱ्हाडे' लिहिताना काही कीबोर्ड झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालतात, आणि ते या दोन्ही वर्गांत नाही. नावातली अक्षरं तपासूच नकोस. पुढची-मागची मोकळी जागा काढ आणि खाना रिकामा नाही ना, एवढंच बघ. कमाल लांबीही सढळ ठेव. 'क्षी' हे डोळ्याला एक अक्षर दिसतं, ब्राउझर ते चार मोजतो.

मोबाइल क्रमांकाच्या खान्याला टेल (फोन) प्रकार दे. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या साच्यात, अंकांसाठी असलेली खूण फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखते, म्हणून देवनागरी अंक आधी बदलून घे. देवनागरी शून्याचा कोड २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक देवनागरी अंकाच्या कोडमधून २३५८ वजा केले की काम झालं. मधल्या मोकळ्या जागा आणि पुढचे +९१ काढून मगच दहा अंक मोज. खान्याचं नाव प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे खान्यातल्या फिकट मजकुरात, लिहिलं आहेस, ते टाइप करायला लागताच नाहीसं होतं. लेबल लिही आणि खान्याशी जोड. फॉर्मला अ‍ॅक्शनही दे, म्हणजे अर्ज जायचा पत्ता. मग स्क्रिप्ट अडली तरी अर्ज पोचेल. तपासणी सर्व्हरवर पुन्हा करायचीच.

हा सगळा जुन्या वळणाचा हट्ट आहे असं म्हणणारे तुला भेटतील, मलाही भेटतात. म्हणोत. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतलं १९९१ चं पहिलं वेबपान आजच्या फोनवर उघडतं आणि वाचता येतं, कारण त्यात नुसतं एचटीएमएल आहे. ब्राउझरात अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा पाठिंबा २०२० च्या अखेरीस संपला आणि त्यात बांधलेल्या साइट्स पडद्याआड गेल्या. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २००६ ची, रिअ‍ॅक्ट २०१३ चं, पुढेही काहीतरी येईल. प्लेसमेंटच्या याद्यांत रिअ‍ॅक्ट लिहिलेलं असतं हे मला ठाऊक आहे आणि तुझी घाईही कळते. शीक, जरूर शीक. पण रिअ‍ॅक्टचा कंपोनेंट शेवटी एचटीएमएलच बाहेर टाकतो, आणि तू डिव्ह लिहिलास तर डिव्हच बाहेर येईल. मग तिथेही तुला स्टाइलशीट काढून पान वाचावंच लागेल. आजच वाच.

तुझी नजर चांगली आहे. रंग नेमके निवडलेस. फक्त तळाचा फिकट करडा मजकूर गडद कर, पार्श्वभूमीशी काँट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. पुढच्या वेळी मला स्क्रीनशॉट पाठवू नकोस. सीएसएस न जोडलेली एचटीएमएल फाइल पाठव, त्यात नियमावली टाइप केलेली असू दे, आणि फॉर्म 'कुऱ्हाडे' हे आडनाव आणि देवनागरी अंकांतला नंबर घालून तपासलेला असू दे.